गंजिफाच्या पत्त्यावर लाख का चढते?

पनवेलहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्यात शिरण्यापूर्वी सावंतवाडीच्या मुलखातून जातो. तेथील गंजिफा आज लघुचित्र म्हणून काचेआड मिरवतो. मुळात तो खेळण्याचा पत्ता. त्याचा रंग आणि लेप खेळणाऱ्याच्या हातांना पुरून उरावा, अशाच बेताने ठरला.

गंजिफाचा भारतातील सर्वांत जुना ज्ञात उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात, १५२७ सालच्या नोंदीत सापडतो. मोगली संचात ८ गट व ९६ पाने. दशावतारी संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे १२०. एवढी पाने पिसायची, तीही कोकणच्या दमट हवेत!

पत्ता घडवताना कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, वाळल्यावर गोल कापतात. त्यावर खडूच्या पुडीचा हात देऊन दगडाने घोटतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण खरखरीत पृष्ठभागावर रंग फुटतो आणि मत्स्याचा कूर्म होण्यास वेळ लागत नाही.

पार्श्वभूमीच्या रंगावरून गट ओळखायचा असल्याने रंग सपाट आणि अपारदर्शक हवा. तो पाण्यात व डिंकात कालवलेला; साहजिकच घामाच्या बोटांनी तो सुटणार. येथे लाख कामी येते. झाडाच्या फांद्यांवर किडे सोडतात तो हा राळेसारखा स्राव. तो मद्यार्कात विरघळतो, पाण्यात नव्हे. म्हणून वरून लेप देताना खालचा जलरंग हलत नाही. लाखेचे दोषही आहेत: तिच्या पिवळसर झाकेने पांढरा मळतो, निळा हिरवट दिसू लागतो, आणि पावसाळी हवेत घाई केली तर लेपावर दुधी छटा येते.

पाठीचा लेप सर्व पत्त्यांना एकसारखा लागतो. एकावर ओरखडा वा ओघळ राहिला, तर तो पत्ता पाठीवरूनच ओळखू येतो आणि खेळ बुडतो.

छापील पत्त्यांपुढे ही कला मागे पडली. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू केले. आता बहुतेक संच भिंतीवर लागतात, क्वचितच पिसले जातात. लाख घाम अडवते, ऊन अडवत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवरचा परशुराम त्यामुळे खेळातल्यापेक्षा लवकर फिका पडू शकतो.