कैफियतींची संहिता

व्यवसायाची आचारसंहिता रचण्याचा जुना व सर्वमान्य शिरस्ता असा, की चार वयोवृद्ध आणि ज्ञानवृद्ध गृहस्थांनी एकत्र बसावे, सचोटी, दया, निर्लोभता इत्यादी सद्गुणांचा यथोचित उल्लेख असलेला मसुदा सिद्ध करावा, आणि वार्षिक सभेत तो एकमताने मंजूर करून घेऊन दप्तरात ठेवून द्यावा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या संस्थेने १९४८ साली हा शिरस्ता जाणूनबुजून मोडला. आपल्या सुमारे साडेसात हजार सभासदांना तिने पत्र धाडले. परंतु अमुक वर्तन योग्य की अयोग्य असे मत त्यांना न विचारता, व्यवसाय करीत असताना ज्यात नीतीचा प्रश्न गुंतला होता आणि तरीही काहीतरी निर्णय करणे भागच होते, असा एखादा प्रसंग घडला तसा लिहून पाठवावा, एवढीच विनंती केली. हजाराहून अधिक कैफियती आल्या. त्या वाचून, त्यांची वर्गवारी करून, त्यांतून जे नियम आपसूक वर आले ते आधी सभासदांपुढे चर्चेला ठेवून, १९५३ साली जो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोच मानसशास्त्रज्ञांच्या व्यवसायाची पहिली लिखित संहिता होय. मधुमेही, हृद्रोगी आणि कर्करोगी यांच्या उशाशी बसून आज काम करणारा जो आरोग्यमानसशास्त्रज्ञ, त्याच्या धर्माधर्मविचाराची वंशावळ शोधू गेल्यास ती या कैफियतींपर्यंत जाऊन भिडते.

ही संस्था त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ अस्तित्वात होती. १८९२ साली वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठात स्टॅन्ली हॉल यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली, तेव्हा तिचे सभासद बहुतेक अध्यापक होते, आणि प्रयोगशाळेत प्रकाशाच्या व ध्वनीच्या संवेदना मोजणाऱ्या अध्यापकास अशिलाचे गुपित सांभाळण्याचा प्रसंग सहसा येत नाही. १८९६ साली लायटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुलांसाठी चिकित्सालय उघडले खरे, पण तो अपवाद होता. १९३८ साली नीतिविषयक तक्रारी ऐकण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिच्यापुढे लिखित नियम कोणताच नसल्यामुळे, पाटलाच्या ओट्यावर चालणाऱ्या निवाड्याप्रमाणे, फिर्यादी आणि आरोपी या दोघांना समजावून मिटवामिटव करण्यावरच तिचा भर असे.

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती पार पालटली. मनाने खचलेले हजारो सैनिक माघारी आले, त्यांच्यासाठी उघडलेल्या सरकारी रुग्णालयांना पुरेसे मनोविकारतज्ज्ञ मिळेनात, तेव्हा १९४६ पासून व्हेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशन या खात्याने विद्यापीठांशी करार करून मानसशास्त्राच्या पदवीधरांना पगारी उमेदवारी देण्यास प्रारंभ केला. चिकित्सेचे मानसशास्त्र हा व्यवसाय अशा रीतीने सरकारी खजिन्यावर पोसला गेला, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना विसरता येणार नाही. कैफियती मागवण्याची युक्तीदेखील लष्करातूनच आली होती. वैमानिक अपेशी का ठरतो याचा शोध घेताना जॉन फ्लॅनगन यांनी 'त्याचा स्वभाव कसा होता' हा मोघम प्रश्न टाकून देऊन 'त्या क्षणी त्याने नेमके काय केले' असे विचारण्याची पद्धत घालून दिली होती, आणि नीतिसमितीने ती उचलली. संहिता लिहिली पाहिजे असे ठरवणाऱ्या पहिल्या समितीचे अध्यक्ष एडवर्ड टोलमन होते. प्रत्यक्ष कार्य तडीस नेले ते निकोलस हॉब्ज यांच्या समितीने. या टोलमन महाशयांविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. १९४९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या अध्यापकांकडून राजनिष्ठेची शपथ लिहून मागितली, तेव्हा तिच्यावर सही करण्यास नकार देणाऱ्यांचे अग्रणी तेच होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५२ साली निकाल अध्यापकांच्या बाजूने लागला. आपली चाकरी अखेर कोणाची, हा प्रश्न ज्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष उभा राहिला होता, अशाच मनुष्याच्या हातून या संहितेचा प्रारंभ व्हावा, हे मला अर्थपूर्ण वाटते.

१९५३ च्या ग्रंथात लोकांविषयीची जबाबदारी, अशिलाशी संबंध, अध्यापन, संशोधन, लेखन-प्रकाशन आणि सहव्यावसायिकांशी वर्तन असे सहा विभाग होते, व तत्त्वांच्या जोडीला ती ज्यांतून निघाली ते प्रसंगही दिलेले होते. पण एवढा मोठा ग्रंथ कोण वाचणार? १९५९ साली त्याची काटछाट झाली आणि कैफियती गळून नुसती कलमे शिल्लक राहिली. ही काटछाट व्यवहारतः अपरिहार्य असेल, परंतु माझ्या मते तीत हानी फार झाली. कारण उमेदवाराला कलम पाठ होते, पण ते कोणत्या पेचातून जन्मले हे ठाऊक नसल्यामुळे, नवा पेच समोर आला की तो कलमांतील पळवाट धुंडाळू लागतो. शिवाय कैफियतींतूनही सर्व काही वर येते असे नाही. चिकित्सकाने रुग्णाशी शरीरसंबंध ठेवणे हा अनाचार होय, असे स्पष्ट शब्दांत लिहायला १९७७ साल उजाडावे लागले. जे करणारा स्वतः लिहून पाठवणार नाही आणि जिच्यावर गुदरले तिला कोणी पत्रच धाडलेले नाही, ते सभासदांच्या टपालातून कसे कळावे?

संहितेच्या बरोबरीने उमेदवारीचा प्रश्नही मार्गी लागत होता. १९४९ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोतील बोल्डर येथे सत्तरांवर जाणकार सुमारे दोन आठवडे एकत्र बसले, आणि चिकित्सकाने आधी शास्त्रज्ञ व्हावे व मग व्यावसायिक, म्हणजे संशोधनाची पदवी आणि रुग्णालयातील देखरेखीखालचे काम ही दोन्ही एकाच व्यक्तीच्या शिक्षणात असावीत, असा ठराव त्यांनी केला. १९७३ च्या व्हेल परिषदेने ही अट पुष्कळ सैल केली. तो वाद आजही चालू आहे. आपण त्यात न शिरलेले बरे.

आरोग्यमानसशास्त्र ही शाखा या वृक्षाला उशिरा फुटली. देहाच्या व्याधींमध्ये मानसशास्त्रज्ञांनी लक्ष घालावे असे विल्यम स्कोफील्ड यांनी १९६९ साली सुचवले; १९७७ साली रॉचेस्टरचे वैद्य जॉर्ज एंगेल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात, व्याधीचा विचार देह, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी करावा असे प्रतिपादन केले; आणि १९७८ साली संस्थेचा अडतिसावा विभाग म्हणून आरोग्यमानसशास्त्राची स्थापना होऊन जोसेफ मॅटराझो त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मे १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील आर्डेन हाउस या हॅरिमन घराण्याच्या जुन्या प्रासादात या शाखेच्या शिक्षणाविषयी परिषद भरली. रुग्णसेवा करू इच्छिणाऱ्याने डॉक्टरेटच्या अंतर्गत एक वर्षाची रुग्णालयीन उमेदवारी तर करावीच, पण पदवीनंतर आणखी दोन वर्षे अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करावे, अशी तिची शिफारस होती.

एवढ्या दीर्घ उमेदवारीचे प्रयोजन काय, हे रुग्णालयाचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणल्याशिवाय ध्यानात येत नाही. स्वतःच्या खोलीत बसणाऱ्या मानसोपचारकाचे दार लागलेले असते, अशील आपल्या पायांनी आलेला असतो, आणि त्याची टिपणे त्याच्याच कपाटात राहतात. आरोग्यमानसशास्त्रज्ञ हा मात्र वैद्याच्या घरचा पाहुणा. रुग्ण त्याच्याकडे येत नाही, तर 'हा औषधे घेत नाही, जरा बोलून पाहा' अशा चिठ्ठीनिशी त्यालाच रुग्णाकडे पाठवले जाते. दोन खाटांमध्ये पडदा असला तर असतो. आणि त्याने लिहिलेले टिपण ज्या फाइलीत जाते ती परिचारिकेपासून हिशेबनिसापर्यंत अनेकांच्या हातांतून फिरते. औषध न घेण्याचे कारण रुग्णाने विश्वासाने सांगितले, आणि ते कारण घरातील मारहाण किंवा चोरून चाललेले मद्यपान असे निघाले, तर फाइलीत किती लिहावे? याहून बिकट प्रसंग अवयवरोपणाचा. यकृत किंवा मूत्रपिंड मिळण्यास हा रुग्ण मनाने योग्य आहे काय, असा दाखला मानसशास्त्रज्ञाकडून मागितला जातो. रुग्ण त्याला आपला आधार समजून मन मोकळे करतो, आणि त्या मोकळेपणातूनच त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा तयार होण्याचा संभव असतो. अशा वेळी पहिल्या वाक्यातच 'मी येथे कोणाच्या वतीने आलो आहे' हे सांगितले पाहिजे, असे कलम सांगते. पण ते भेदरलेल्या माणसाला कोणत्या स्वरात सांगावे, हे कलमात नसते. ते वडीलधाऱ्या मार्गदर्शकाच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

ही शाखा जन्मास आली त्याच दशकात दोन प्रकरणांनी या व्यवसायाची झोप उडवली. १९७२ साली उघडकीस आले, की अलाबामातील टस्कीगी येथे सार्वजनिक आरोग्य खात्याने १९३२ पासून चाळीस वर्षे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना निरीक्षणाखाली ठेवले होते, आणि त्यांतील ३९९ उपदंशग्रस्तांना, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचार दिले नव्हते. त्यातून १९७४ चा संशोधनविषयक कायदा व १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल निघाला. दुसरे प्रकरण टॅरासॉफ यांचे. भारतातून बर्कली येथे शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञापाशी टॅरासॉफ नावाच्या एका तरुणीला ठार मारण्याचा इरादा बोलून दाखवला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना वर्दी दिली, पोलिसांनी त्या विद्यार्थ्याला थोडा वेळ अडवून सोडून दिले, तिला मात्र कोणीच सावध केले नाही, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तिची हत्या झाली. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजणे चिकित्सकावर बंधनकारक आहे, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली दिला. पुढच्याच दशकात एड्स आला, आणि पत्नीपासून रोग लपवणाऱ्या पतीच्या बाबतीत हा निर्णय लागू करावा की नाही, या पेचात आरोग्यमानसशास्त्रज्ञ सापडले.

आपल्याकडे या प्रश्नांचा विचार फार पूर्वी झाला होता, असे अभिमानाने सांगण्याची प्रथा आहे, आणि चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायापुरते ते सांगणे खोटे नाही. अग्नीच्या साक्षीने गुरू शिष्याला तेथे जो उपदेश करतो, त्यात रुग्णाच्या घरातील वृत्त बाहेर नेऊ नये, त्याच्या हितासाठी सर्वतोपरी झटावे, आणि आयुष्य क्षीण होत आहे हे कळले तरी जेथे ते ऐकून रुग्णाला किंवा इतरांना आघात होईल तेथे ते बोलू नये, अशी कलमे आहेत. परंतु त्याच उपदेशात राजाचा ज्यांच्यावर रोष आहे किंवा जे राजाचा द्वेष करतात त्यांना औषध देऊ नये, असेही सांगितले आहे. या वाक्यावरून आपले व्याख्याते भरभर पुढे सरकतात. वस्तुतः सर्वांत अधिक थबकावे ते येथेच. कारण वैद्याची निष्ठा रुग्ण आणि राजा यांच्यामध्ये विभागली गेली तर काय करावे, याचे उत्तर त्या वाक्यात निःसंकोचपणे राजाच्या बाजूने दिलेले आहे.

अमेरिकन संहितेलाही त्याच ठिकाणी ठेच लागली. २००२ साली सुधारलेल्या संहितेत, नीती आणि कायदा किंवा शासनाचा हुकूम यांत विरोध आला आणि तो मिटेना, तर हुकूम पाळण्याची मुभा मानसशास्त्रज्ञाला देण्यात आली. या सुधारणेचे काम ११ सप्टेंबरच्या हल्ल्यापूर्वीच सुरू झालेले होते हे खरे. पण ग्वांटानामो येथील कैद्यांच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञ सल्लागार म्हणून वावरू लागले, तेव्हा हीच मुभा त्यांच्या कामी आली. २००५ साली संस्थेच्या एका कृतिदलाने अशा कामास अनुकूल अभिप्राय दिला, आणि त्या दलातील बहुसंख्य सभासदांचा लष्कराशी संबंध होता. २०१० साली ते कलम दुरुस्त झाले. २०१५ साली डेव्हिड हॉफमन या वकिलांच्या चौकशी अहवालाने, संस्थेच्या काही अधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याशी संगनमत करून नियम ढिले ठेवले होते, असा निष्कर्ष काढला. आणि ऑगस्टमध्ये टोरॉन्टो येथील सभेत राष्ट्रीय सुरक्षेसाठी होणाऱ्या चौकशीत मानसशास्त्रज्ञांनी भाग घेण्यास १५७ विरुद्ध १ मताने बंदी घालण्यात आली. साडेसात हजारांना विचारून जी संहिता बांधली, तिचा एक चिरा काही थोड्यांनी निखळवला आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष वर्षानुवर्षे गेले नाही, हे मला त्या मूळ अपराधाइतकेच गंभीर वाटते.

भारतात या व्यवसायाची रीतसर उमेदवारी बंगळूरला सुरू झाली. १९५४ साली तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, पुढल्या वर्षी वैद्यकीय मानसशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९७४ साली या संस्थेचे निमहान्समध्ये रूपांतर झाले. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला चिकित्सक मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीचा अधिकार मिळाला, व २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यांच्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या पात्रतेची किंवा एम.फिल.ची, म्हणजे देखरेखीखालील कामासह दोन पूर्ण वर्षांच्या शिक्षणाची, अट घातली. त्याच कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्कही दिला. मात्र मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात ज्याच्याकडे आरोग्यमानसशास्त्रज्ञ पाठवला जातो, तो रुग्ण मनाचा आजारी नसतोच. त्याला कर्करोग असतो, आणि वॉर्डच्या दाराबाहेर त्याचा मुलगा हात जोडून सांगतो की बाबांना आजाराचे नाव कळू देऊ नका. मुलगा फी भरणारा, वैद्य बोलावणारा, आणि आत बसलेले बाबा 'मला काय झाले आहे' असे विचारणारे. अमेरिकन पाठ्यपुस्तक रुग्णाची संमती प्रथम घ्यायला सांगते, चरक आघात टाळायला सांगतो, आणि एम.ए. होऊन नुकताच रुजू झालेला उमेदवार, बाबांना आधीच किती ठाऊक आहे हे त्यांच्याच तोंडून काढून घ्यावे म्हणून, खुर्ची खाटेजवळ ओढून घेतो.