एका उपऱ्या खेळाची राजमान्यता

संस्थांचीं नांवें सहसा बदलत नाहींत. आणि ज्या अर्थी एखादी जुनी, प्रतिष्ठित संस्था आपल्या नांवांत एका शब्दाची भर घालते, त्या अर्थी त्या शब्दामागें कांहीं इतिहास असला पाहिजे, असें समजण्यास हरकत नाहीं. १९२४ सालीं फ्रान्समधील शामोनी या गांवीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्की महासंघानें २०२२ सालीं 'आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघ' असें नांव धारण केलें. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांचें तिकडे लक्ष गेलें असेल. परंतु ज्या फळीला त्यापूर्वीं चाळीस वर्षें बहुतेक डोंगरांवर थारा नव्हता, तिचेंच नांव अखेर घराच्या पाटीवर झळकलें, ही गोष्ट खेळाची आवड नसलेल्या माणसानेंहि विचार करावी अशी आहे.

आरंभींच कबूल केलें पाहिजे कीं, या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार केवळ पुस्तकी आहे. आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशीं वाढलेलीं माणसें. बर्फ म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें गोळेवाल्याची किसणी येते. तथापि इतिहास शिकवितांना आम्हांस नेहमीं एका प्रश्नानें घेरलें आहे : बाहेरचा मनुष्य आंत येतो तेव्हां घर बदलतें कीं मनुष्य बदलतो? या प्रश्नाचें उत्तर राजवंशांच्या बखरींत शोधण्याचा आमचा परिपाठ. तें एका खेळाच्या सुमारें साठ वर्षांच्या कहाणींत इतकें स्वच्छ सांपडेल असें आम्हांस वाटलें नव्हतें.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगतों. स्की म्हणजे दोन पायांस बांधावयाच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या; हातांत दोन काठ्या आणि तोंड पुढें. स्नोबोर्डमध्यें दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधलेले असतात, हातांत कांहीं नसतें, आणि अंग एका कुशीस वळवून मनुष्य उतारावरून घसरत जातो. पहिल्याची चाल सरळ चालणाऱ्या पांथस्थाची, दुसऱ्याची लाटेवर उभ्या राहिलेल्या नावाड्याची. हा भेद लहान दिसतो. पण पुढील सारें भांडण याच भेदांतून निघालें.

१९६५ सालच्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत मस्कीगन या गांवीं शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थानें घरांतल्या दोन स्की शेजारीं शेजारीं ठेवून एकमेकींस जोडल्या. उद्देश एवढाच कीं, मुलींना अंगणामागच्या टेकडीवरून उभ्यानें घसरतां यावें. 'स्नो' म्हणजे हिम आणि 'सर्फर' म्हणजे लाटेवर स्वार होणारा, हे दोन शब्द जोडून त्याच्या पत्नीनें त्या खेळण्याचें 'स्नर्फर' असें बारसें केलें. पुढें एका कंपनीनें तें बाजारांत आणलें आणि १९६८ पासून मस्कीगन येथें त्याच्या शर्यतीहि होऊं लागल्या. या शोधाचें सगळें श्रेय एकट्या पॉपेनला देणें मात्र योग्य होणार नाहीं. टॉम सिम्स हा न्यू जर्सीमधील मुलगा १९६३ सालीं शाळेच्या सुतारकामाच्या वर्गांत अशीच एक फळी तयार करून बसला होता, असें तो पुढें सांगत असे. यूटामध्यें दिमित्रिये मिलोविच यानें समुद्रावरील फळ्यांच्या धर्तीवर हिमावरच्या फळ्या घडविल्या. आणि जेक बर्टन कार्पेंटर या तरुणानें १९७७ सालीं व्हर्मॉंटमधील लंडनडेरी गांवीं आपला कारखाना थाटला.

या बर्टनची एक गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटते. १९७९ सालीं तो मिशिगनमधील स्नर्फर शर्यतीस गेला, तो फळीवर पाय घट्ट बसावे म्हणून पट्टे बसवून. लागलीच तक्रार झाली कीं, हा खेळ आमचा नव्हे. अखेर त्याच्यासाठीं निराळा गट करावा लागला, आणि त्या गटांत तो पहिला आला. ज्या खेळाला अजून कोठेंच मान्यता नव्हती, त्याच्याहि दाराशीं द्वारपाळ उभा होता! मनुष्यस्वभाव असा कीं, झोंपडी बांधून होते न होते तोंच तो कुंपणाच्या काट्या गोळा करूं लागतो.

खरें मोठें कुंपण मात्र स्कीवाल्यांचें होतें. उंच डोंगरावर जावयाचें म्हणजे पाळण्यांतून वर जावें लागतें, आणि ते पाळणे स्कीच्या खेळासाठीं उभारलेले. त्यांच्या मालकांनीं फळीवाल्यांना बसूं देण्याचें साफ नाकारलें. कारणें अनेक सांगण्यांत आलीं : विमा कंपन्या तयार नाहींत, हीं पोरें आडवीं वळतात, त्यांना पाठीमागचा मनुष्य दिसत नाहीं, त्यांच्या फळ्यांनीं उतारावरील हिम खरवडून निघतें. यांतील कांहीं कारणें अगदींच निराधार नव्हतीं. परंतु न सांगितलेलें एक कारण सर्वांत बलवत्तर असावें. स्की हा सुखवस्तु कुटुंबांचा, नीटनेटक्या पोषाखाचा, शिष्टाचाराचा खेळ; आणि हीं ढगळ कपड्यांचीं, रस्त्यावर चाकांच्या फळ्या पळविणारीं पोरें त्या शिष्टाचाराला जुमानणारीं नव्हतीं. तरीहि कुंपणाला भगदाडें पडूं लागलीं. १९८२ सालीं व्हर्मॉंटमधील 'सुइसाइड सिक्स' या भयंकर नांवाच्या टेकडीवर अमेरिकेंतील पहिली राष्ट्रीय शर्यत झाली. १९८३ सालीं त्याच प्रांतांतील स्ट्रॅटन या मोठ्या डोंगरानें दार उघडलें; आणि पुढील दहापंधरा वर्षांत बहुतेकांनीं त्याचें अनुकरण केलें. कांहींनीं मात्र दार लावूनच घेतलें. यूटामधील आल्टा येथील बंदीविरुद्ध १९१४ नव्हे, तर थेट २०१४ सालीं कांहीं खेळाडू न्यायालयांत गेले आणि हरले. २०१६ सालीं अपिलांतहि तोच निकाल कायम झाला.

येथें स्कीवाल्यांना नुसतें दोषी ठरवून मोकळें होणें सोपें आहे. पण इतिहासाचें पान थोडें मागें उलटलें म्हणजे निराळेंच दृश्य दिसतें. आज उतारावरून वेगानें येण्याच्या ज्या शर्यती स्कीचा कळस म्हणून मानल्या जातात, त्याच एके काळीं उपऱ्या होत्या. नॉर्वेच्या जुन्या जाणत्यांच्या मतें खरें स्की म्हणजे सपाटीवरील लांब मजल आणि उंचावरील उडी. डोंगरावरून नुसतें खालीं येणें त्यांना पोरखेळ वाटे. या पोरखेळाला नियम देणारा आर्नल्ड लन हा इंग्रज गृहस्थ १८८८ सालीं आपल्या मद्रासेंत जन्मला होता. त्यानें १९२२ सालीं स्वित्झर्लंडमधील म्यूरन येथें काठ्यांच्या जोड्यांतून वळणें घेत जाण्याची आधुनिक स्लालम शर्यत भरविली. महासंघानें या प्रकारांस मान्यता दिली ती १९३० सालीं, आणि ऑलिंपिकमध्यें त्यांचा प्रवेश झाला तो १९३६ सालीं, जर्मनींतील गार्मिश येथें. तेथेंहि स्की-शिक्षकांस धंदेवाईक ठरवून वगळण्यांत आलें, तेव्हां ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील स्कीपटूंनीं त्या शर्यतीवर बहिष्कार टाकला. म्हणजे एका पिढीचे उपरे दुसऱ्या पिढीचे द्वारपाळ झाले. सासुरवास सोसलेली सूनच पुढें सासू होते, ही गोष्ट आमच्या घरांतून कोणास अपरिचित आहे?

फळीवाल्यांच्या घरांतहि हेंच नाट्य घडलें. १९९० च्या सुमारास त्यांनीं स्वतःचा आंतरराष्ट्रीय संघ काढला होता व त्याच्या जागतिक स्पर्धा चालू होत्या. परंतु ऑलिंपिक समितीनें या खेळाचा कारभार सोंपविला तो स्की महासंघाकडे. नॉर्वेचा टेर्ये हाकोनसेन हा त्या काळीं जगांतील सर्वांत निष्णात फळीबहाद्दर समजला जाई. ज्यांनीं काल आम्हांस डोंगरावरून हुसकलें त्यांच्याच हातून आज आम्ही परीक्षा कां द्यावी, अशी त्याची भूमिका होती. आणि १९९८ सालीं जपानमधील नागानो येथें या खेळाचा ऑलिंपिक-प्रवेश झाला तेव्हां तो मुद्दाम गैरहजर राहिला. खेळाडूंचा तो स्वतंत्र संघ २००२ सालीं संपुष्टांत आला.

नागानोचा प्रवेशहि निर्विघ्न झाला नाहीं. पहिलें सुवर्णपदक कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटीनें मिळविलें. आणि थोड्याच दिवसांत त्याच्या तपासणींत गांजाचा अंश आढळल्यामुळें तें काढून घेण्यांत आलें. दुसऱ्यांच्या धुरामुळें तसें झालें असें त्याचें म्हणणें होतें. पण क्रीडा-लवादानें पदक परत दिलें तें निराळ्याच कारणास्तव : गांजा निषिद्ध धरण्याविषयीं ऑलिंपिक समिती व स्की महासंघ यांच्यांत तसा करारच झालेला नव्हता. ज्यांना हीं पोरें बेशिस्त वाटत होतीं त्यांना आयतेंच कोलीत मिळालें खरें. परंतु त्या प्रसंगीं नियम लिहून ठेवण्यांत कसूर झाली होती ती शिस्तीच्या अभिमान्यांकडूनच, हेंहि नमूद केलें पाहिजे.

यानंतर मात्र लोकप्रियतेला भरतें आलें. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीनें १९९७ पासून 'विंटर एक्स गेम्स' हा खास सोहळा सुरू केलाच होता. २००२ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें हाफपाइपमध्यें, म्हणजे हिमाच्या एका प्रचंड पन्हळींत या कांठावरून त्या कांठावर झेपावत कसरती करण्याच्या प्रकारांत, अमेरिकेच्या तिघां तरुणांनीं तिन्हीं पदकें पटकाविलीं. शॉन व्हाइट यानें २००६, २०१० व २०१८ अशीं तीन सुवर्णपदकें जिंकलीं, आणि ज्यांनीं कधीं फळी हातांत धरली नाहीं अशा घरांतूनहि त्याचें नांव पोहोंचलें. १९९८ सालीं या खेळाच्या ऑलिंपिक स्पर्धा चार होत्या. २०२२ सालीं त्या अकरा झाल्या. शिवाय यांत एक गोष्ट विशेष अभिनंदनीय आहे. स्कीवरील उडीच्या स्पर्धेंत स्त्रियांना ऑलिंपिकचें दार २०१४ सालीं उघडलें. फळीच्या खेळांत मात्र पहिल्याच दिवसापासून स्त्रीपुरुषांच्या स्पर्धा बरोबरीनें ठेवण्यांत आल्या. उपऱ्यानें घरांत येतांना ही एक चांगली रीत बरोबर आणली.

मोठ्या स्पर्धेंचें दान कोणत्या किंमतीस मिळतें हें पाहावयाचें असेल तर लिंडसे जाकोबेलिस या अमेरिकन युवतीची हकीकत पाहावी. २००६ सालीं इटलींत चौघींच्या शर्यतींत ती खूप पुढें होती. शेवट जवळ आला असतां एका उडींत तिनें हौसेनें हात खालीं नेऊन फळी पकडली, तोल गेला, ती पडली, आणि स्वित्झर्लंडची टान्या फ्रीडेन पुढें निघून गेली. रौप्यपदक मिळूनहि सोळा वर्षें ती 'पडलेली मुलगी' म्हणूनच ओळखली गेली. पण विचार केला तर तिनें केलें काय? टेकडीवर मुलें जें करतात तेंच : आनंदाच्या भरांत एक फाजील उडी. खेळ म्हणून ती उडी निर्दोष होती. स्पर्धा म्हणून तो अपराध ठरला. पुढील दोन ऑलिंपिकांत तिला पदक मिळालें नाहीं, तिसऱ्यांत तें थोडक्यांत हुकलें. २०२२ सालीं बीजिंग येथें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, तिनें तीच शर्यत जिंकली आणि मिश्र सांघिक शर्यतींतहि सुवर्णपदक घेतलें. हा वृत्तांत वाचून आमचें मन भरून आलें, हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आमच्याकडील एका समांतर उदाहरणाची येथें आठवण होते. १९३६ सालीं, म्हणजे गार्मिशच्याच वर्षीं व त्याच देशांत, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं आमचे देशी व्यायाम व कबड्डीचा खेळ जगाला दाखविला. आमचा हुतूतू गल्लीगल्लींत निराळा होता. सर्वांस समजेल असा तो एक व्हावा म्हणून त्याला नियमांच्या चौकटींत बसवावें लागलें. १९९० सालीं आशियाई स्पर्धांत त्याला स्थान मिळालें, याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? पण आमच्या लहानपणीं ज्या तऱ्हेनें तो आळीच्या मातींत रंगे, ती तऱ्हा त्या चौकटींत राहिली नाहीं, हेंहि तितकेंच खरें. राजमान्यता फुकट मिळत नाहीं. ती घेतांना आपल्या कांहीं लकबी दाराशीं काढून ठेवाव्या लागतात.

मग हाकोनसेन बरोबर होता काय? आमचें पूर्वींचें मत तसें झुकणारें होतें. अधिक वाचल्यावर तें सौम्य झालें. कारण आंत आलेल्यानें घरहि बदललें आहे. २०१४ पासून स्कीवाले स्वतःच ऑलिंपिकमध्यें हाफपाइपमध्यें झेपा घेऊं लागले; तो धडा त्यांनीं फळीवाल्यांकडूनच घेतला. २०१८ सालीं चेकोस्लोव्हाकियाच्या विभागणीनंतर जन्मलेल्या चेक खेळाडू एस्तेर लेदेत्स्का हिनें एकाच ऑलिंपिकांत स्कीवर एक व फळीवर एक अशीं दोन सुवर्णपदकें मिळविलीं. ज्या कुंपणासाठीं पिढ्या भांडल्या तें तिनें दोन उड्यांत ओलांडलें. आणि तरीहि हाकोनसेनचा नकार व्यर्थ गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. आंत जाणाऱ्यांमुळें खेळ वाढतो. बाहेर राहणाऱ्या एखाद्यामुळें तो कशासाठीं सुरू झाला होता याची आठवण राहते. मस्कीगनच्या त्या टेकडीवर गुण देणारा पंच नव्हता. दोन स्की जोडून बाप खालीं उभा होता, आणि मुली पडत, उठत, पुन्हां वर जात होत्या. त्यांना कोणी विचारलें नाहीं कीं तुमचा क्रमांक कितवा.