चित्रकाराचे दप्तर

चित्र काढणे हे कलावंताचे काम आणि दप्तर सांभाळणे हे कारकुनाचे, असे मानण्याचा प्रघात आहे. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांचा इतिहास निराळेच सांगतो. १९७४ पासून त्यांनी पत्रे, बिले, छायाचित्रे बहुतांशी पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून ठेविली. असे ६१० संच पिट्सबर्ग येथील त्यांच्या संग्रहालयात आहेत. खोके उघडताच कागद वाचता येतो.

१९८५ साली मात्र त्यांनी अमिगा संगणकावर चित्रे काढून फ्लॉपीवर साठविली. १९८७ मध्ये ते निवर्तले. फ्लॉप्या जपल्या गेल्या. पण त्या वाचणारी यंत्रे कालबाह्य झाली. अखेर कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळाने त्या अनोळखी फाइलींची रचना उलगडली, तेव्हा २०१४ साली तीन डोळ्यांच्या व्हीनससह २८ चित्रे जगापुढे आली.

सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस यातून एवढेच दिसते, की जपणे निराळे आणि वाचता येणे निराळे. प्रत्येक फाइलीस नाव व तारीख असावी, दुसरी प्रत अन्यत्र असावी आणि साधन बदलताच ती नव्यात उतरवावी. आमच्या मंडळाच्या नाटकांची छायाचित्रे आज सभासदांच्या फोनांत विखुरलेली आहेत. शताब्दीच्या स्मरणिकेसाठी ती उघडतील काय, हे आजच ठरणार आहे.