डाव्या अंगाची जागा

सॅक इतक्यात उतरवू नका, अजून थोडं चालायचंय. पट्टे खांद्यांत रुतलेत, घामाने कुडता पाठीला चिकटलाय आणि चपलेचा एक अंगठा कधीही तुटेल. साल 1977. डिसेंबरातला बुधवार, दिवेलागण होऊन गेलेली. तुम्ही कुलाब्यात आहात आणि आज तुम्ही हिप्पी आहात. इस्तंबूलहून निघून तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली करत, बसच्या टपावर आणि रेल्वेच्या फळीवर झोपत इथवर आलात. उद्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट. नाताळ कळंगुटच्या वाळूत करायचाय. मराठी तेवढी जवळ राहू द्या, आज रात्री ती कामाला येणार आहे.

ताजच्या मागच्या रस्त्यावर साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड हाउस. लोखंडी खाटांची रांग, फिनेलचा वास, ओल्या टॉवेलांचा वास, कुणाच्या तरी पायमोज्यांचा त्याहून उग्र वास. सॅक खाटेखाली सरकवा. पासपोर्ट आणि पैसे गळ्यातल्या पिशवीत. चला.

रस्त्यावर येताच रेडिओ कानावर पडतो. बुधवारचे आठ, म्हणजे बिनाका गीतमाला. अमीन सायानींचा आवाज एका पानटपरीवर मागे पडतो तोच पुढची टपरी तो उचलते. अख्खा कॉजवे चालत गेलात तरी त्यांचं एक वाक्य चुकत नाही. दुमजली बस कडेकडेने जाते आणि डिझेलचा गरम फुत्कार पोटऱ्यांवर सोडते. अत्तरवाला न विचारताच मनगटावर बोळा फिरवतो, आता रात्रभर तुम्हाला मोगऱ्याचा वास येणार. पोरं ‘हिप्पी, हिप्पी’ करत मागे लागतात आणि फुटपाथ संपला की सोडून देतात.

भूक लागलीय? मग नाकाचं ऐका. टलक रोडवर बडेमियाँची शेगडी 1946 पासून धुमसतेय. निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडला की चर्र होतं आणि सगळी गल्ली गिळेल एवढा धूर उठतो. शिगेवरचा कबाब रुमाली रोटीत, वर कांदा, लिंबू. टेबल शोधू नका. समोरच्या फियाटचं बॉनेट हेच टेबल, इंजिनाची ऊब अजून त्यात आहे. बोटं भाजतात, डोळ्यांतून पाणी येतं, तरी हात थांबत नाही.

आणि आता खरी जागा: कोपऱ्यावरचा इराणी. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, वरती करकरणारा पंखा. ब्रून मस्का चहात बुडवला की लोण्याचे पिवळे डोळे वर तरंगतात. समोर एक माणूस येऊन बसतो. गोदीत काम करणारा, नखांत ग्रीस. बशीत चहा ओतून फुंकर मारतो आणि तुमच्याकडे बघत राहतो. तुम्ही मराठीत विचारता, ‘भाऊच्या धक्क्याला सकाळी कसं जायचं?’

बशी हवेतच थांबते.

‘तुका मराठी येता?’

मग तो खुर्ची पुढे ओढतो. मालवणचा आहे. बोटीवर डेकमध्ये आरक्षण नसतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. जो आधी चटई पसरेल त्याची जागा. हमाल आधीच आत घुसून चटया अंथरतात आणि ती वीतभर जागा तुम्हाला विकतात. ‘सात वाजता इलंस तर जागा, नऊ वाजता इलंस तर उभ्यान गोंया!’ बोटाने चहाच्या ओघळाची बोट काढतो. इंजिनाजवळ नको, रात्रभर तापतं. धुराड्याखाली नको, काजळी पडते. डाव्या अंगाला बस. दुपारचं ऊन उजवीकडून येतं, आणि किनारा सगळा डावीकडे.

मला हा डेक फार प्रिय आहे. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून 20 वर्षं आहेत. बोट ‘कोकण सेवक’ असो की ‘कोकण शक्ती’, त्या फळ्यांवर काबूलहून आलेला पोरगा आणि गावी निघालेली चाकरमान्याची बायको शेजारी-शेजारी झोपत. दोघांनाही चटईएवढीच जागा.

‘चटई घेतलंस काय?’

नाही घेतलीत. तो चहाचे पैसे स्वतःच टाकतो, तुमचा दंड धरून बाजारात नेतो, अर्धं शटर खाली आलेल्या दुकानात वाकून शिरतो आणि भाव पाडून एक चटई घेतो. सुटे तुमच्या तळहातावर पडतात: दहा पैशांची अ‍ॅल्युमिनियमची नाणी, पाकळ्या-पाकळ्यांच्या कडांची, इतकी हलकी की मूठ मिटली तरी रिकामी वाटते. चटईला सुक्या गवताचा, पावसाआधीच्या अंगणाचा वास आहे.

दुकानाबाहेर तो घुटमळतो. खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली लहानशी पुडी काढतो. बापाचा चष्मा. उद्या स्वतः धक्क्यावर जाऊन गाववाल्या कुणाकडे देणार होता, पण पाळी सकाळची पडली. वर पेन्सिलीने नाव, खाली ‘भरड, मालवण’. मालवणला बोट धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभी राहते आणि पडाव माणसं उतरवायला येतात. ‘पडाववाल्याक नाव सांग. तो पोचवतलो.’

तुमचं नाव तो विचारत नाही. दीड तासाची ओळख, आणि म्हाताऱ्याचे डोळे तुमच्या हातात. ‘जाशीत मा नीट?’ एवढं म्हणून तो लायन गेटच्या दिशेने चालू लागतो.

गेटवेवरून परत या. भरतीचं पाणी पायऱ्यांवर आपटतंय, व्हिक्टोरियाचा घोडा उभ्या-उभ्या डुलक्या घेतोय, वाऱ्यात शेवाळ आणि लीद. ताजच्या नव्या मनोऱ्यात वरपर्यंत दिवे. कुणीतरी तुम्हाला गच्चीवर गिटार ऐकायला बोलावतंय. आज नको म्हणा.

खाटेवर पडायच्या आधी रखवालदाराला सांगा, पाचला उठवा. चटई उशाशी. पुडी कुठे ठेवायची? सॅकमध्ये दाबली जाईल. उशीखाली फुटेल. चटईच्या गुंडाळीत घालून बघा, हलवून बघा. घसरते. बाहेर काढा. रिकामी टोपी घ्या, तिच्यात पुडी ठेवा, टोपी चपलेवर. सकाळी पाय खाली टाकाल तेव्हा आधी तीच लागेल.

अंधारात एकदा हात खाली नेऊन चाचपा. आहे.