मेघदूतातील पाठभेद : उज्जयिनीचे श्लोक

कालिदासाच्या मेघदूत या खंडकाव्याची श्लोकसंख्या टीकाकारागणिक बदलते. दहाव्या शतकातील काश्मिरी टीकाकार वल्लभदेव १११ श्लोक धरतो, दक्षिणावर्तनाथ ११०, तर मल्लिनाथाच्या पाठात १२१ आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा गुरू जिनसेन याने पार्श्वाभ्युदयात समस्यापूर्ती म्हणून मेघदूताच्या ओळी गुंफल्या. तेथे १२० श्लोक सापडतात. तंजूर या तिबेटी ग्रंथसंग्रहातील भाषांतरात ११७ आहेत.

छापील आवृत्त्या : होरेस हेमन विल्सन यांनी १८१३ मध्ये कलकत्त्यात हे काव्य इंग्रजी पद्यानुवादासह प्रथम छापले. काशिनाथ बापूजी पाठक यांनी १८९४ मध्ये पुण्यात पार्श्वाभ्युदयातून निघणारा पाठ प्रसिद्ध केला. ऑइगेन हुल्त्श यांची वल्लभदेवाच्या टीकेसह आवृत्ती १९११ मध्ये लंडनला निघाली. सुशीलकुमार डे यांची चिकित्सक आवृत्ती साहित्य अकादमीने १९५७ मध्ये काढली. तीत १११ श्लोक ग्राह्य मानले आहेत.

उज्जयिनीतील भर : काव्याचा नायक यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला सांगतो. या वर्णनातले काही श्लोक वल्लभदेवाच्या पाठात नाहीत आणि अनेक छापील प्रतींत ते कंसात येतात. एकात बाजारातले मोत्यांचे हार, शंख-शिंपले, गवतासारखे हिरवे पाचू आणि पोवळी पाहून समुद्रात आता पाणीच उरले असावे, असे वाटते. दुसऱ्यात स्थानिक माणूस आलेल्या पाहुण्यांना जागा दाखवतो : वत्सराज उदयनाने प्रद्योत राजाची लेक येथून पळवली, येथे त्याच प्रद्योताचे सोन्याचे ताडवन होते, येथे नलगिरी हत्ती खुंट उपटून उधळला. अवंतीच्या गावांतले म्हातारे उदयनकथेचे जाणकार आहेत, एवढी सूचना कालिदासाने थोडे आधी केलीच आहे. ती कथा उलगडून सांगण्याचा मोह पुढच्या कोणाला झाला असावा.

निवडीचे निकष : केवळ प्राचीन साक्ष पुरेशी नसते. जिनसेन वल्लभदेवाच्या आधीचा, तरी त्याचा पाठ मोठा. म्हणजे भर फार लवकर पडू लागली होती. म्हणून टीकांची परस्पर तुलना, पुनरुक्ती आणि संदर्भाचा ओघ हेही पाहावे लागतात. एका शब्दाचा वादही प्रसिद्ध आहे : आषाढाचा ‘प्रथम’ दिवस की वल्लभदेवाचा ‘प्रशम’, म्हणजे शेवटचा? मल्लिनाथ ‘प्रथम’ उचलून धरतो. आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदास दिन पाळण्याची प्रथा याच पाठावर उभी आहे.