फुकटात मिळालेला कॉम्प्युटर खरंच फुकट पडतो का?

एखादी कंपनी दहा जुने कॉम्प्युटर फुकट देतेय. घ्यायचे का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि अनेक धडधाकट मशीन 'जुनी' ठरली. त्यामुळे शाळा आणि छोट्या संस्थांपुढे हा प्रश्न आता येणारच.

याचं एक भारी उदाहरण अमेरिकेत आहे. १९९६ मध्ये टेनेसीतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांना पाऊस, माती अशा २५ गोष्टी तपासून देशाचा पर्यावरणीय नकाशा बनवायचा होता. एक चौरस किलोमीटरचा एक, असे ७८ लाख चौकोन! एका कॉम्प्युटरच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं. ६४ पीसी एकत्र जोडायला त्यांनी पैसे मागितले. नकार आला.

मग दोघांनी तिथलेच टाकून दिलेले पीसी गोळा केले. एकाची मेमरी काढून दुसऱ्याला लावायची, लिनक्स टाकायचं, नेटवर्कला जोडायचं. नकाशा तयारही झाला. या जुगाडाचं नाव 'स्टोन सूपरकॉम्प्युटर'. गावातल्या प्रत्येकाकडून थोडं थोडं मागून सूप शिजवल्याची एक लोककथा आहे, त्यावरून हे नाव पडलं.

मशीनचा खर्च जवळपास शून्य, पण तास किती गेले! तरी ते परवडलं, कारण काम तुकड्यांत वाटता येत होतं. वेगवान मशीनला जास्त तुकडे, मंद मशीनला कमी. शिवाय नकाशा दोन दिवस उशिरा झाला तरी कुणाचं अडणार नव्हतं.

आता आपला हिशोब. समजा, आयटी बघणाऱ्याचा पगार ३० हजार आणि महिन्याचं काम २०० तास. म्हणजे तासाला १५० रुपये. एक मशीन नीट करायला सहा तास धरले, तर दहा मशीनचे ९ हजार. पुढे प्रत्येकाच्या दुरुस्तीत महिन्याला एक तास गेला, तर वर्षाचे आणखी १८ हजार. 'फुकट'चं पहिलं बिल २७ हजार! हे कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही, कारण पगार तर द्यायचाच असतो. पण त्याच तासांत त्याने दुसरं काय केलं असतं, हे कुणी विचारत नाही.

त्यामुळे सरावाच्या लॅबसाठी जुनी मशीन बिनधास्त घ्या. एक बंद पडलं तर मुलं शेजारच्यावर बसतील. फीच्या काउंटरवर मात्र नवीन, वॉरंटीवालं मशीन ठेवा, तिथे एक तास बंद म्हणजे दारापर्यंत रांग. आणि कुठल्या मशीनमध्ये काय बदललं ते वहीत लिहून ठेवायला सांगा. तो माणूस नोकरी सोडून गेला, की सगळी माहिती त्याच्यासोबतच जाते.