बाकीच्या बदकांचं काय झालं?

परवा भाचीला झोपवताना सवयीने 'एका तळ्यात होती' म्हणत होते. गाणं संपलं, तर बाईसाहेबांचा प्रश्न : "मावशी, मग त्या बाकीच्या बदकांचं काय झालं?" उत्तर मिळायच्या आत ती झोपली. झोप उडाली ती माझी!

गाणं ग. दि. माडगूळकरांचं, 'सुखाचे सोबती' या चित्रपटातलं, आवाज आशा भोसले यांचा. गोष्ट मात्र मूळची डेन्मार्कची. हान्स ख्रिश्चन अँडरसनची ही परीकथा १८४३ साली छापली गेली. अँडरसन बूट शिवणाऱ्याचा मुलगा, आई लोकांचे कपडे धुवायची. बाप लवकर गेला. १८१९ मध्ये, चौदाव्या वर्षी, हे काटकुळं पोर नट व्हायला कोपनहेगनला गेलं आणि तिथे बरंच हसं करून घेतलं. ते वेडं पिल्लू म्हणजे आपणच, हे त्याने पुढे कबूलही केलं होतं.

त्याची मूळ गोष्ट चांगली लांबलचक आहे. पिल्लू घर सोडतं, म्हातारीच्या झोपडीतली मांजर आणि कोंबडी त्याला अक्कल शिकवतात, थंडीत ते बर्फात गोठतं. शेवटी पाण्यात स्वतःला बघतं खरं, पण लगेच बाकीचे हंस त्याला कुरवाळतात आणि काठावरची मुलं म्हणतात, हा नवाच सगळ्यांत देखणा! माडगूळकरांनी हे सगळं काढून टाकलं. त्यांचं पिल्लू तळ्यातच राहतं, एकदा चोरून पाण्यात बघतं आणि त्याचं त्यालाच कळतं. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. माणदेशातल्या गरिबीतून आलेला, मॅट्रिक न झालेला हा माणूस. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं आणि त्यांचं नाव घरोघरी गेलं. शेवट असा का केला असेल, याचा आपला माझा एक अंदाज. असो.

मला आवडतं ते हे, की राजहंस झाल्यावर तो बदकांना सुनवायला जात नाही. त्याचा आत्मविश्वास त्यांच्या माना खाली घालण्यावर अवलंबूनच नाही. आणि बदकांविषयी गाणंही पुढे चकार शब्द काढत नाही. ते तिथेच संपतं.

मी सहावीत असताना मावसबहीण शाळेसाठी आमच्याकडे राहायला आली. गळा तिचा, अक्षर तिचं, आजीचं कौतुकही तिचं. मी तिच्या उच्चारांची सगळ्यांसमोर नक्कल करायचे. मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, हिला खेळायला घेऊ नका. आणि त्याच वर्षी गॅदरिंगला हेच गाणं मी म्हटलं, डोळ्यांत पाणी आणून! मनात पक्कं होतं की ते पिल्लू म्हणजे मी.

ती कधी काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आणि आता स्वतःची लेक सुट्टीत बिनधास्त माझ्याकडे सोडून जाते.

ताई, तू हे वाचशीलच. तुझ्या लेकीने सकाळी उठल्यावर पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी सांगितलं, त्यातलं एक बदक तुला रोज गाणं म्हणून झोपवतं. तिला तो जोक वाटला.